राखीव बाकावरची मुले

शाळेच्या संघाचा विषय निघाला की आपल्यात एक जुना वाद हमखास रंगतो. पाचवीपासून मैदानावर घाम गाळलेली मुले मोठी, की दुसऱ्या शाळेचा दाखला घेऊन नववीत आलेला तयार खेळाडू मोठा? अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये सध्या हाच वाद जोरात आहे. तिथे खेळाडू आता एका कॉलेजातून दुसऱ्यात सहज जाऊ शकतात, आणि काही प्रशिक्षक दर वर्षी जवळजवळ नवा संघ जमवतात. अशा वेळी कॅन्सस विद्यापीठाचे प्रशिक्षक फॉग ॲलन यांचे आयुष्य आठवते.

फॉरेस्ट ॲलन यांचा जन्म १८८५ साली मिसूरी राज्यात झाला. बेसबॉलचे पंच असताना त्यांचा आवाज धुक्यात जहाजांना इशारा देणाऱ्या भोंग्यासारखा घुमे, म्हणून ‘फॉग’ हे नाव पडले आणि तेच कायम राहिले. १८९१ साली बास्केटबॉलचा शोध लावणारे जेम्स नेस्मिथ तेव्हा कॅन्ससमध्ये शिकवत होते. ॲलन त्यांच्या हाताखाली खेळले. हा खेळ खेळायचा असतो, त्याला प्रशिक्षक कशाला, असे गुरुजींचे मत होते. शिष्याने ते मानले नाही. गुरूवर माया ठेवून त्याच्या मताविरुद्ध जन्म घालवणारे शिष्य थोडेच. ॲलन त्यांपैकी एक.

१९०७ ते १९०९ अशी दोन वर्षे त्यांनी कॅन्ससचा संघ सांभाळला. मग हाडे आणि स्नायूंच्या उपचाराचे शिक्षण घेऊन ते ऑस्टिओपॅथ झाले. १९१९ साली परत आले ते १९५६ पर्यंत तिथेच राहिले. खेळाडूंच्या दुखापतींवर ते स्वतः उपचार करत. १९२३ च्या त्यांच्या गाजलेल्या संघाचा म्होरक्या पॉल एन्डाकॉट हा विद्यापीठाच्याच लॉरेन्स गावचा मुलगा. त्याच संघात हॉलस्टेडचा एक शेतकऱ्याचा मुलगा राखीव खेळाडू होता. त्याच्या वाट्याला मैदान क्वचितच आले, बाक मात्र रोज आला. त्याचे नाव ॲडॉल्फ रप.

१९२७ साली ॲलन यांनी बास्केटबॉल प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी केली. या खेळाला ऑलिम्पिकमध्ये जागा मिळावी म्हणून ते झटले. १९३६ साली बर्लिनला ती मिळाली, आणि म्हातारे नेस्मिथ स्वतः ते पाहायला हजर होते.

राष्ट्रीय विजेतेपद मात्र हुलकावणी देत होते. १९४० साली अंतिम सामन्यात इंडियानाने त्यांच्या संघाला ६०–४२ असे हरवले. ॲलन यांनी मग बाहेर नजर टाकली. इंडियानातल्या टेरे होट गावचा क्लाइड लव्हलेट हा उंचापुरा मुलगा त्यांनी कॅन्ससला आणला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नसे, म्हणून त्याने एक वर्ष वाट पाहिली आणि पुढे तीन वर्षे तो खेळला. भोवतीचे बहुतेक गडी न्यूटन, विनफिल्ड, बेलॉइट, मॅकक्यून अशा कॅन्ससच्याच लहान गावांतले होते. १९५२ साली सिॲटलला त्यांनी सेंट जॉन्सला ८०–६३ असे हरवले. त्यातले ३३ गुण एकट्या लव्हलेटचे. त्याच वर्षी हेलसिंकीला सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकेच्या चौदा जणांच्या संघात सात जण कॅन्ससचे होते. बाहेरून आलेला एक आणि घरची मुले, चार वर्षे एकत्र राबली तेव्हा हे घडले. त्या विजेत्या संघातही बाकावर बसणारा एक मुलगा होता, डीन स्मिथ.

यश मिळाल्यावर मोह वाढतो. फिलाडेल्फियाच्या विल्ट चेंबरलेनला दोनशेहून अधिक कॉलेजे बोलावत होती. तो कॅन्ससला आला १९५५ साली. पहिल्या वर्षाच्या मुलांनी त्याच्या जोरावर ॲलन यांच्या मुख्य संघालाच ८१–७१ असे हरवले. पण ॲलन तेव्हा सत्तरीला पोचले होते, आणि सत्तराव्या वर्षी निवृत्ती हा नियम होता. त्यांनी सवलत मागितली. मिळाली नाही. ज्याला मिळवण्यासाठी एवढा जीव टाकला, त्याला मुख्य संघात खेळवणे त्यांच्या नशिबी नव्हते.

संघ त्यांचाच जुना खेळाडू डिक हार्प याच्याकडे गेला. १९५७ च्या अंतिम सामन्यात तीन जादा डावांनंतर नॉर्थ कॅरोलिनाने कॅन्ससला ५४–५३ असे, फक्त एका गुणाने हरवले. पुढच्या वर्षी चेंबरलेन कॉलेज सोडून गेला. विजेतेपद आलेच नाही. त्याला मिळालेल्या मोटारीवरून १९६० साली विद्यापीठावर कारवाई मात्र झाली.

आणि बाकावरची मुले? रप केंटकीचा प्रशिक्षक झाला, चार विजेतेपदे जिंकला आणि सर्वाधिक विजयांचा आपल्या गुरूचा विक्रम त्याने मोडला. त्याचे एकूण विजय ८७६. स्मिथ नॉर्थ कॅरोलिनाला गेला, १९६१ पासून छत्तीस वर्षे तिथे राहिला आणि ८७९ विजय मिळवून त्याने रपचा विक्रम मोडला. गुरूकडून एका राखीव खेळाडूकडे आणि त्याच्याकडून दुसऱ्याकडे, असा तो विक्रम घरातल्या घरात फिरला.

१९७४ साली लॉरेन्समध्येच ॲलन गेले. कॅन्ससमध्ये त्यांचे ५९० विजय नोंदले आहेत. त्यांच्या नावाचे क्रीडागृह आजही भरते, आणि ते ज्या रस्त्यावर आहे त्याला नेस्मिथ यांचे नाव आहे.

आपल्या सरांनीही दर वर्षी बाकावर कुणाला तरी बसवले होते. त्यांतले कित्येक आज या मेळाव्याला आले आहेत. त्यांना जरूर भेटा, आणि पुढे काय केलेत ते विचारा.