द्वारकानाथ कोटणीस

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१० ऑक्टोबर १९१० – ९ डिसेंबर १९४२) हे सोलापूरचे सुपुत्र, शल्यचिकित्सक व वैद्यकशिक्षक होते. चीन-जपान युद्धकाळात भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकाचे ते सदस्य होते. जखमी सैनिकांवर अहोरात्र शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणून ते सर्वपरिचित आहेत. मात्र बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक आणि त्याला जोडलेल्या विद्यालयातील शल्यशास्त्राचे अध्यापक म्हणून त्यांनी केलेले कार्य महाराष्ट्रात तुलनेने कमी ज्ञात आहे.

जन्म व शिक्षण

कोटणीस यांचा जन्म सोलापूर येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. त्यांना दोन भाऊ व पाच बहिणी होत्या. वैद्यकीय शिक्षण त्यांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात घेतले. हे महाविद्यालय १९२६ मध्ये परळ येथे सुरू झाले व राजे एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालयाशी ते संलग्न होते. तेथील अध्यापन भारतीय डॉक्टरांच्या हाती असावे, ही देणगीदारांची अट होती. रुग्णाच्या खाटेजवळ शिकणे आणि शिकविणे या परंपरेचा कोटणीसांना आलेला अनुभव हा असा स्वदेशी संस्थेतील होता. १९३८ मध्ये ते पदव्युत्तर शिक्षणाची तयारी करीत होते.

भारतीय वैद्यकीय पथक

१९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केल्यावर सेनानी चू तेह यांनी जवाहरलाल नेहरू यांच्याकडे डॉक्टर पाठविण्याची विनंती केली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ मध्ये जनतेला आवाहन करून निधी उभारला. पथकात पाच डॉक्टर होते : अलाहाबादचे मदनमोहनलाल अटल (प्रमुख), नागपूरचे एम. चोळकर, सोलापूरचे कोटणीस आणि कलकत्त्याचे बी. के. बसू व देबेश मुखर्जी. सप्टेंबर १९३८ मध्ये हे पथक मुंबईहून जहाजाने निघाले. चीनमध्ये पाचही जणांनी आपल्या चिनी नावांच्या शेवटी चीनवाचक ‘हुआ’ हे अक्षर जोडले. कोटणीस यांचे नाव ‘के दीहुआ’ झाले.

१९३९ मध्ये पथक येनान येथे पोहोचले. कोटणीस परदेशी असतानाच त्यांच्या वडिलांचे निधन झाले, तरी त्यांनी काम अर्धवट सोडून परतण्याचे टाळले. अटल, चोळकर व मुखर्जी यथावकाश भारतात परतले. कोटणीस व बसू यांनी शत्रूच्या पिछाडीस असलेल्या शान्शी-चाहार-हेबेई या डोंगराळ सीमाप्रदेशात जाणे पसंत केले.

बेथून यांचा वारसा

या प्रदेशात त्यांच्यापूर्वी कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथून कार्यरत होते. आघाडीवर प्रशिक्षित डॉक्टरांची तीव्र उणीव होती. एकटा शल्यचिकित्सक कितीही कुशल असला तरी त्याचे दोन हात सर्व जखमींपर्यंत पोहोचू शकत नाहीत, हे ओळखून बेथून यांनी स्थानिक तरुणांच्या प्रशिक्षणावर भर दिला. १९३९ मध्ये तेथे आरोग्य विद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन बेथून यांचे निधन झाले. पुढे विद्यालयाला व त्याला संलग्न रुग्णालयाला त्यांचे नाव देण्यात आले.

१९४० मध्ये कोटणीस या विभागात दाखल झाले. त्या वर्षीच्या एका तेरा दिवसांच्या लढाईत आठशेहून अधिक जखमी त्यांच्या पथकाकडे आले. सलग तीन दिवस व तीन रात्री त्यांनी विश्रांतीविना शस्त्रक्रिया केल्या. हा प्रसंग त्यांच्या चरित्रात सर्वाधिक सांगितला जातो.

संचालक व अध्यापक

जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून कोटणीस यांची नियुक्ती झाली. तेव्हा त्यांचे वय तीस वर्षांचे होते. विद्यालयात ते शल्यशास्त्र शिकवीत. आजच्या वैद्यकीय महाविद्यालयात अधिष्ठाता, विभागप्रमुख, रुग्णालयाचा अधीक्षक व प्राध्यापक ही पदे वेगवेगळी असतात. युद्धप्रदेशातील या रुग्णालयात यांतील बरीच कामे एकाच व्यक्तीकडे आली.

या भूमिकांत मूलभूत ताण होता. जखमींची रांग लागलेली असताना प्रमुख शल्यचिकित्सकाने वर्गात उभे राहणे हे वेळेचा अपव्यय वाटू शकते. परंतु वर्ग थांबला तर पुढील लढाईत जखमींची रांग तेवढीच राहते आणि हात मात्र वाढत नाहीत. कोटणीस यांनी रुग्णसेवा व अध्यापन यांपैकी कोणतेही एक काम सोडले नाही. जपानी सैन्याच्या मोहिमांमुळे रुग्णालय व विद्यालय यांना वारंवार स्थलांतर करावे लागे.

अध्यापनातील पहिली अडचण भाषेची होती. दुभाष्यावर विसंबून न राहता कोटणीस यांनी चिनी भाषा आत्मसात केली व विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत व्याख्याने दिली. दुसरी अडचण पुस्तकांची होती. त्यासाठी त्यांनी शल्यशास्त्राच्या सामान्य तत्त्वांवर पाठ्यपुस्तक तयार केले आणि विशिष्ट शस्त्रक्रियांविषयीच्या दुसऱ्या पुस्तकाचे लेखन हाती घेतले.

विवाह व निधन

बेथून विद्यालयात परिचर्या शिकविणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी १९४१ च्या अखेरीस कोटणीस यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवण्यात आले. ‘यिन’ म्हणजे भारत व ‘हुआ’ म्हणजे चीन. जुलै १९४२ मध्ये कोटणीस यांनी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व स्वीकारले होते.

अतिश्रम व खडतर जीवन यांमुळे त्यांची प्रकृती ढासळत गेली आणि अपस्माराचे झटके येऊ लागले. तरीही लेखन व अध्यापन चालूच होते. दुसऱ्या पाठ्यपुस्तकाचे हस्तलिखित अपूर्ण असतानाच झटक्यांची मालिका सुरू होऊन ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुत्र यिनहुआ याचे वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये अकाली निधन झाले.

स्मारके व मूल्यमापन

हेबेई प्रांतातील शिजियाझुआंग येथील हुतात्मा स्मशानभूमीत बेथून व कोटणीस या दोघांचीही स्मारके आहेत. त्याच शहरात कोटणीस यांच्या नावाचे वैद्यकीय विद्यालय असून तेथील विद्यार्थी त्यांच्या पुतळ्यासमोर शपथ घेतात. चीनने १९८२ मध्ये व भारताने १९९३ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटे काढली. सोलापूर येथील त्यांच्या घराचे स्मारकात रूपांतर झाले आहे. व्ही. शांताराम यांच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) या हिंदी चित्रपटाने त्यांचे नाव भारतभर पोहोचविले.

चित्रपट व लोकस्मृती यांत कोटणीस यांची प्रतिमा प्रामुख्याने त्यागी शल्यचिकित्सकाची आहे. ती यथार्थ असली तरी अपुरी आहे. त्यांनी केलेल्या शस्त्रक्रियांचा लाभ त्या त्या रुग्णांना झाला. त्यांनी घडविलेल्या विद्यार्थ्यांचे काम मात्र त्यांच्या मृत्यूनंतरही चालू राहिले. बेथून रुग्णालय आज शिजियाझुआंग येथे कार्यरत आहे, तर चांगचुन येथील पूर्वीच्या बेथून वैद्यकीय विद्यापीठाची परंपरा डोंगरातील त्याच आरोग्य विद्यालयापर्यंत जाते. आपल्यामागे काम चालविणारी माणसे तयार करणे हे वैद्यकीय विभागाच्या प्रमुखाचे कर्तव्य मानले, तर कोटणीस यांच्या संचालकपदाची दोन वर्षे त्याचे ठळक उदाहरण ठरतात.