प्रत्यक्षाची कसोटी : दादोबा पांडुरंग

मराठीचे पाणिनी म्हणून ओळखले जाणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचा जन्म १८१४ साली मुंबईत झाला. त्यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, हे आपण शाळेत शिकतो. परंतु सुरतेतील दादोबा आपल्याला फारसे ठाऊक नसतात.

सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक असताना दादोबांचा दुर्गाराम मेहताजी या गुजराती शिक्षकाशी स्नेह जडला. २२ जून १८४४ रोजी दोघांनी काही सहकाऱ्यांसह तेथे मानवधर्मसभा स्थापन केली. त्या काळी भूतबाधा, मंत्रतंत्र आणि जादूटोणा यांवर लोकांचा गाढ विश्वास होता. सभेने मांत्रिकांना आपले सामर्थ्य चारचौघांत दाखवण्याचे आव्हान दिले. नुसत्या ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, प्रत्यक्ष पाहून खात्री करावी, असा त्यामागील विचार होता. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना तो चटकन पटतो. पावतीवाचून खर्च मांडला तर हिशेब तपासनीस तो मान्य करील काय?

आपल्याकडे चार्वाकांनी प्रत्यक्ष हेच प्रमाण मानले. इंग्लंडात लॉकने, जन्मतः माणसाचे मन कोरे असते व अनुभवाने त्यात कल्पना उमटतात, असे प्रतिपादन केले. पण ह्यूमने पुढची अडचण दाखविली. आजवर जे घडले ते उद्याही घडेल, याची हमी अनुभव देत नाही. शंभर मांत्रिक हरले तरी एकशे एकावाही हरेल, हे अनुमानच होय. मात्र दावा सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावरच राहते, आणि सुरतेच्या सभेने ती त्याच्यावरच टाकली होती.

दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. ईश्वर एक आहे आणि सर्व मनुष्यांची जात एकच, ही दादोबांची मुख्य शिकवण होती. ही समता कोणाला डोळ्यांनी दिसली होती? डोळ्यांना तर जागोजागी विषमताच दिसत होती. जे आहे ते अनुभव सांगतो. काय असावे हे विवेकाला ठरवावे लागते.

१८४६ मध्ये दादोबा मुंबईस परतले. पुढे परमहंस सभेच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. १८७८ साली त्यांनी स्वीडनबॉर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या धर्मग्रंथांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. हा शास्त्रज्ञ पुढे देवदूतांशी संभाषण झाल्याचे सांगू लागला होता. मांत्रिकांकडे पुरावा मागणाऱ्या सभेच्या संस्थापकाने अशा ग्रंथांकडे आदराने वळावे, याचे नवल वाटते. पण मांत्रिकाचा दावा याच जगातला, म्हणून तपासता येणारा. परलोकाचा दावा इंद्रियांच्या पलीकडचा. तेथे श्रद्धा ठेवता येईल, परंतु तिला पुरावा म्हणता येणार नाही.

१८८२ साली दादोबा निवर्तले. जे तपासता येते ते तपासल्यावाचून मानू नये, आणि जे तपासता येत नाही त्याला सिद्ध म्हणू नये, एवढा बोध त्यांच्या चरित्रातून आपण घेतला तरी पुष्कळ झाले.