चिखलातली पावलं

माझं माहेर वेल्ह्याकडचं, सासर भोरचं. लहानपणी भातलावणीच्या दिवसांत आजी बांधावर उभी राहून चिखलातल्या खुणा बघायची आणि वासरू रमत गेलं की उधळलं, ते बरोब्बर सांगायची. रमत गेलं तर पावलं जवळजवळ, उधळलं तर लांब लांब. परवा मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी डायनासोरविषयी वाचत होते. शास्त्रज्ञही आजीसारखंच करतात की! त्या वाचनातच मला भेटली ऑरा हिचकॉक.

मैत्रिणींनो, ऑराचा जन्म अमेरिकेतल्या अ‍ॅमहर्स्टचा, ८ मार्च १७९६ चा. हो, आपल्या महिला दिनाचीच तारीख! ऐन तरुणपणी ती डीअरफील्डच्या शाळेत मुलींना शास्त्र आणि चित्रकला शिकवू लागली. तिथले मुख्याध्यापक एडवर्ड हिचकॉक यांच्याशी १८२१ मध्ये तिचं लग्न झालं. पुढे ते अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात प्राध्यापक झाले.

१८३५ मध्ये ग्रीनफील्ड गावात फरसबंदीच्या दगडांवर तीन बोटांची पावलं दिसली. पूर्वी अशाच एका दगडाला लोक बायबलमधल्या महापुरातल्या कावळ्याची पावलं समजायचे. एडवर्डनी मात्र पावलांची आणि त्यांतल्या अंतराची मापं घेतली, १८३६ मध्ये ती प्रसिद्धही केली. ‘डायनासोर’ हा शब्दच १८४२ चा. त्यांना ते प्रचंड पक्षी वाटले. फार चुकले नाहीत म्हणा, पक्षी डायनासोरांचेच वंशज!

आणि चित्रं? ती ऑराची. आठ बाळंतपणं, त्यातली दोन मुलं गेली, नवऱ्याची तब्येत तोळामासा. एवढ्या रगाड्यात तिनं त्यांच्या पुस्तकांसाठी शेकडो चित्रं काढली. वर्गात लावायला सुती कापडावर मोठमोठे तक्ते रंगवले. त्यात ही पावलंही होती. एडवर्डनी १८५१ चं आपलं पुस्तक तिलाच अर्पण केलं. ती १८६३ मध्ये गेली आणि नऊ महिन्यांनी तेही.

पावलांवरून वेग काढायचं गणित मात्र १९७६ मध्ये मांडलं गेलं, इंग्लंडच्या मॅकनील अलेक्झांडर यांनी. पाऊल जेवढं लांब, त्याच्या साधारण चौपट कमरेची उंची. मग एकाच पायाच्या लागोपाठच्या दोन ठशांमधलं अंतर मोजायचं. समजा, पाऊल ३० सेंटिमीटर, म्हणजे कंबर १२० वर. अंतर १.६ मीटर असेल तर वेग ताशी सुमारे ५ किलोमीटर, आपण बाजाराला चालतो तेवढाच. अंतर दुप्पट झालं की वेग तिपटीहून थोडा जास्त, ताशी सुमारे १६. अर्थात हा अंदाजच.

आपल्या तोरणा-राजगडच्या कातळात अशी पावलं शोधू नका हं! तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तापलेल्या लाव्हावर कोण चालणार? महाराष्ट्रात डायनासोरची हाडं मिळाली ती चंद्रपूरकडच्या पिसदुऱ्याला.

ऑराचे तक्ते कॉलेजनं जपून ठेवले आणि २०१८ मध्ये न्यूयॉर्कला तिच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. मुलानं प्रकल्पाच्या वहीत फक्त एडवर्डचं नाव लिहिलं होतं. मी त्याला खाली ऑराचंही लिहायला लावलं. मग त्यानंच विचारलं, पणजीचं नाव काय होतं? तेही लिहिलं.