कै. डॉ. कमल रणदिवे

वर्धा जिल्ह्यातील मंडळींस कुष्ठरोग्यांच्या सेवेची कथा नवी नाही. विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूर येथे कुष्ठधाम उभारले, ते आपल्या उंबरठ्याशीच. त्याच रोगाशी प्रयोगशाळेत झुंजलेल्या एका विदुषीचे चरित्र मात्र आपल्या घरांतून फारसे सांगितले जात नाही. म्हणून हा अल्प परिचय.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात, समर्थ घराण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. कन्येने डॉक्टर व्हावे व डॉक्टरांच्याच घरी पडावे, अशी त्यांची इच्छा होती. हुजूरपागेत शिकलेल्या कन्येने दोन्ही गोष्टी मानल्या नाहीत. तिने वनस्पतिशास्त्र घेतले, आणि १९३९ साली विवाह केला तो गणितज्ञ श्री. जे. टी. रणदिवे यांच्याशी! १९४३ साली पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातून त्या एम्. एस्‌सी. झाल्या. विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा.

अशा पदवीधर स्त्रीस वैद्यकीय संशोधनाचे दार कोण उघडणार, अशी शंका कोणासही येईल. परंतु पेशी झाडाची असो वा माणसाची, ती न्याहाळण्याची विद्या पुष्कळशी एकच. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंतराव खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी कर्करोगाचा अभ्यास केला व १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच्. डी. मिळविली. विषय पालटण्याच्या या धाडसात पतीचे साहाय्य मोठे होते, हे आपल्याकडील जावयांनी ध्यानी घ्यावे. पुढे बाल्टिमोर येथे डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धन शिकून त्या परतल्या, आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी त्याची प्रयोगशाळा उभारली.

कुष्ठरोगाचा जंतू आजवर काचनळीत वाढविता आलेला नाही, मग लस करावी कशाची? १९५८ साली डॉ. बापट, कमलताई व खानोलकर यांनी रुग्णांच्या शरीरातून मिळालेला, त्याच वर्गातील एक जंतू वाढवून दाखविला. या रोगाच्या तीव्र प्रकारात शरीराची प्रतिकारशक्ती जंतूस जणू ओळखतच नाही. ती ओळख पटवून देण्यासाठी त्या संस्थेतील संशोधकांनी पुढे याच जंतूपासून लस सिद्ध केली. दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले. त्याच चाचणीत बी.सी.जी.चे संरक्षण सुमारे ३४ टक्के भरले.

१९८२ साली कमलताईंस पद्मभूषण मिळाले. चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांनी ऐंशी वर्षे पूर्ण केली होती. २००१ साली त्या निवर्तल्या.