पैठणचे नाथ आणि घरातलं भांडण

तुकोबांची पालखी बारामती-इंदापूरच्या वाटेनं जाते, त्यामुळं आपल्याकडं तुकोबा घरचे आणि पैठणचे एकनाथमहाराज जरा लांबचे वाटतात. दत्तभक्ताला ते लांबचे नाहीत. इंदापूरकराला तर नसावेतच. गावात मालोजीराजांची गढी आहे, चाँदशहावली बाबांचा दर्गा आहे. मालोजीराजांनी गुरू मानलं ते श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना. हे शेख महंमद आणि नाथांचे गुरू जनार्दनस्वामी, दोघांनाही चांद बोधल्यांचा अनुग्रह होता अशी परंपरा आहे.

नाथ भानुदासांच्या कुळातले. आईवडील लहानपणीच गेले, आजोबा चक्रपाणींनी वाढवलं. पोरवयात घर सोडून ते देवगिरीला गेले. जनार्दनस्वामींची चाकरी निजामशाहीची आणि उपासना दत्ताची. स्वामींनी दत्तदर्शन घडवलं ते मलंगाच्या वेषात. ब्राह्मणाच्या पोरासमोर फकीर उभा, देवाची ओळख पटेना. मला वाटतं, नाथांचं पुढचं वागणं तिथंच ठरलं. वेषावरून माणूस ठरवणं त्यांनी सोडलं.

अंगावर थुंकणाऱ्या यवनाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती पुन्हा सांगत नाही. त्यांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ मात्र फार थोड्यांनी वाचलेला असतो. त्यात गोडगोड काही नाही. तुर्क आपल्या दख्खनी बोलीत पुराणांतल्या कथा काढून हिणवतो, मूर्तींना नि सोवळ्याला नावं ठेवतो. हिंदू त्याची बांग आणि कुर्बानी काढतो. नाथ कुणाचंच तोंड दाबत नाहीत. दोघांची मळमळ पुरी बाहेर पडते, मग कुठं देव एकच हे दोघं कबूल करतात आणि एकमेकांना भेटतात. आज कुणी असं छापलं तर दोन्हीकडचे लोक आधी छापणाऱ्यालाच धरतील!

परक्याशी जुळवून घेणं एकवेळ सोपं, घरच्याशी अवघड. नाथांनी मराठी भागवत शके १४९५ (इ. स. १५७३) मध्ये काशीत पुरं केलं. प्राकृतात ग्रंथ लिहिला म्हणून तिथल्या पंडितांनी विरोध केला, पण पुढं मानही दिला. घरात मात्र मुलगा हरिपंडित संस्कृताचा विद्वान. वडलांनी मराठीत पुराण सांगावं, कुणाच्याही घरी जेवावं, हे त्याला पटेना. बायकामुलं घेऊन तो काशीला निघून गेला. ज्या बापाला स्वतः आईवडील लाभले नाहीत, त्याचं घर असं रिकामं झालं.

नाथ त्याला आणायला काशीला गेले. हरिपंडितानं दोन अटी घातल्या. प्राकृतात प्रवचन करायचं नाही, परान्न घ्यायचं नाही. आपण असतो तर पोराला चार शब्द सुनावले असते! नाथांनी दोन्ही अटी मान्य केल्या.

पैठणला हरिपंडित संस्कृतातून सांगू लागला आणि श्रोते हळूहळू घटले. नाथ गप्प. त्याला हिणवलं नाही, लोकांनाही थांबवलं नाही. तेवढ्यात एक गरीब म्हातारी आली. सहस्रभोजनाचा तिचा संकल्प होता, पण जवळ पैसा नव्हता. एकट्या नाथांना जेवू घातलं तरी तो पुरा होईल असं तिला कुणी सांगितलं होतं. आता परान्नाची अट आडवी आली. नाथांनी तोड काढली : स्वयंपाक तिच्या घरी, करायचा हरिपंडितानं. म्हातारीचा संकल्प राहिला आणि मुलाचा शब्दही.

जेवण झालं. हरिपंडित उष्टी पत्रावळ उचलायला वाकला, तर तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. अशा हजार निघाल्या असं सांगतात.

हरिपंडितानं वडलांचे पाय धरले आणि दोन्ही अटी आपणच मागं घेतल्या. नाथांनी वाड्यात पुन्हा मराठी पोथी उघडली, माणसं परत जमू लागली. शके १५२१ (इ. स. १६००) च्या फाल्गुन वद्य षष्ठीला, गुरूंच्याच पुण्यतिथीला, त्यांनी गोदावरीत देह ठेवला.