विनायकाचे विनोबा

मराठीत नावाचे रूप पालटले की नातेही पालटते. 'या' लागला की सलगी येते, 'बा' लागला की माया आणि आदर एकत्र येतात. म्हणून विठ्ठलाचा विठोबा झाला, ज्ञानेश्वरांचे ज्ञानोबा झाले, तुकारामांचे तुकोबा. रशियातला व्लादिमीर घरात वोलोद्या होतो, त्यात लाड असतो. मराठी 'बा'मध्ये मात्र वडीलपणही असते.

११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील गागोदे येथे नरहर भावे आणि रुक्मिणीबाई यांना पुत्र झाला. त्याचे नाव विनायक. आईसाठी तो विन्या होता. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला विनायक सुरतेला उतरला व थेट काशीला गेला. त्याच वर्षी ७ जूनला अहमदाबादेतील कोचरब आश्रमात त्याची गांधीजींशी भेट झाली. आश्रमात विनायकाचे विनोबा झाले. वय अवघे वीस! धाकटे बंधू बाळकृष्णही पुढे बाळकोबा म्हणूनच ओळखले गेले.

वडीलकीचे हे नाव विनोबांनी वर्ध्यात सार्थ केले. ८ एप्रिल १९२१ रोजी ते तेथील आश्रम सांभाळण्यास आले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दिलेली गीता-प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली. १९३८ पासून धाम नदीकाठचे पवनार हे त्यांचे स्थान झाले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी तेथूनच ते पहिले वैयक्तिक सत्याग्रही ठरले. १९५१ मध्ये तेलंगणातील पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन देऊ केली आणि भूदानाची पदयात्रा सुरू झाली. लाखो एकरांचे दान मिळाले. मात्र त्यातील बरीच जमीन नापीक निघाली, बरीच भूमिहीनांपर्यंत पोहोचलीच नाही.

१९७५ च्या आणीबाणीतील त्यांच्या भूमिकेने अनेक चाहते दुखावले. वडीलधाऱ्याने अन्यायाविरुद्ध स्पष्ट बोलावे, ही अपेक्षा त्या 'बा'नेच निर्माण केली होती. इतर कोणाचे मौन एवढे सलले नसते.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी, अन्नपाणी व औषध सोडून, पवनारला त्यांनी देह ठेवला. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. कागदोपत्री ते विनायक नरहर भावे राहिले. लोकांच्या तोंडी मात्र विनोबाच. आदराचे नाव मिळते एकदा. ते निभवावे लागते आयुष्यभर.