बंदूक आणि नांगर

दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात ग्रेटाउन गावाजवळ २७ सप्टेंबर १८६२ रोजी लुई बोथा ह्याचा जन्म झाला. त्याचे कूळ शेतकऱ्यांचे. डच वळणाची भाषा बोलणाऱ्या ह्या गोऱ्या लोकांना बोअर म्हणत. बोथाचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. परंतु जमीन, जनावर आणि माणूस ह्यांची त्याला उत्तम पारख होती.

१८९९ साली ट्रान्सवाल व ऑरेंज फ्री स्टेट ह्या बोअर प्रजासत्ताकांचे इंग्रजांशी युद्ध जुंपले. कोलेन्सोच्या लढाईत बोथाने बलाढ्य इंग्रज सेनेस मागे हटविले. पुढे तो ट्रान्सवालचा सरसेनापती झाला. तेव्हा इंग्रजांनी हजारो शेतघरे जाळली व बायकामुलांना छावण्यांत कोंडले. तेथे वीस हजारांहून अधिक बोअर स्त्रिया व मुले दगावली. काळ्या लोकांच्या निराळ्या छावण्यांतही हजारोंचा अंत झाला.

लढाई लांबली तर आपले लोकच उरणार नाहीत, हे बोथाने ओळखले. ३१ मे १९०२ रोजी तह झाला आणि दोन्ही प्रजासत्ताके इंग्रजांच्या वसाहती बनली. उद्ध्वस्त शेतकऱ्यांसाठी इंग्रज सरकारने ३० लाख पौंड देऊ केले. शिवाय दोन वर्षे बिनव्याजी व पुढे शेकडा ३ व्याजाने कर्ज देण्याचे मान्य केले.

एवढ्याने भागण्यासारखे नव्हते. म्हणून १९०३ साली ह्या वसाहतींसाठी साडेतीन कोटी पौंडांचे कर्ज उभारण्यात आले. उजाड मुलुखाला सावकार सहसा स्वस्त दराने पैसा देत नाही. परंतु येथे इंग्रज सरकार स्वतः जामीन राहिले. त्या पैशातून आगगाड्यांचे मार्ग सरकारने विकत घेतले, जुनी देणी भागविली आणि शेतकऱ्यांचे पुनर्वसन केले. फेडीचा भार मात्र वसाहतींच्या उत्पन्नावर पडला.

१९०७ साली बोथा ट्रान्सवालचा पंतप्रधान झाला. ज्यांच्याशी तो रणांगणावर झुंजला, त्यांच्याच जामिनावर त्याच्या सरकारला ५० लाख पौंडांचे कर्ज मिळाले. शेतकऱ्यांना बी-बियाणे, गुरे व अवजारे घेता यावीत म्हणून लँड बँक नावाची पेढी निघाली. मोडलेला शेतकरी पुन्हा नांगर धरू लागला.

हे साह्य गोऱ्या शेतकऱ्यांपुरतेच राहिले. त्याच वर्षी बोथाच्या सरकारने हिंदी लोकांवर सक्तीच्या नोंदणीचा कायदा लादला. त्याविरुद्ध गांधीजींनी लढा दिला. १९१० साली बोथा संयुक्त दक्षिण आफ्रिकेचा पहिला पंतप्रधान झाला. १९१३ च्या कायद्याने काळ्या बहुसंख्य प्रजेसाठी देशातील शेकडा सुमारे ७ इतकीच जमीन राखून ठेवण्यात आली.

२७ ऑगस्ट १९१९ रोजी बोथा मरण पावला. शत्रुत्व विसरून त्याने आपल्या लोकांची जळलेली घरे पुन्हा उभी केली, हे त्याचे मोठेपण होय. परंतु त्याच भूमीवर राबणाऱ्या इतरांना त्याने आपले मानले नाही. म्हणून ती पुनर्रचना अपुरीच राहिली.